हात पुढे करण्यापूर्वी: नव्या स्वयंसेवकांसाठी स्पर्शाविषयी मार्गदर्शन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वृद्धाश्रम, बालगृहे, दिव्यांग मुलांच्या शाळा, सरकारी रुग्णालयांतील वॉर्ड आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील पोषण पुनर्वसन केंद्रे अशा ठिकाणी महाविद्यालयातील तरुण, निवृत्त शिक्षक आणि बचत गटांतील स्त्रिया सेवेसाठी जातात. तेथे कोणत्या वेळी जावे, खाऊ कोणता न्यावा, कोणाची परवानगी घ्यावी हे त्यांना आधी सांगितले जाते, पण स्पर्शाविषयी सहसा कोणी काही सांगत नाही. त्यामुळे काही जण खाटेपासून चार हात लांब उभे राहून प्रकृतीची चौकशी करतात आणि परततात, तर काही जण पहिल्याच भेटीत आजींच्या गळ्यात हात टाकतात, मुलांचे गाल ओढतात आणि त्याच वेळी फोटोही काढून घेतात. दोन्ही प्रकारांत समोरच्या माणसाला काय हवे होते, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

स्पर्श कधी सुरू व्हावा, किती वेळ टिकावा आणि कधी थांबावा हे ठरवण्याचा अधिकार ज्याला आधार हवा आहे त्याचा आहे. हा अधिकार त्याला खरोखर वापरता यावा अशा रीतीने आपला हात कसा ठेवायचा, हे शिकण्यासारखे काम आहे आणि थोड्या सरावाने ते कोणालाही जमते.

स्पर्शाने धीर का येतो

आपल्या त्वचेत, विशेषतः जिथे लव असते त्या भागात, एका वेगळ्या प्रकारच्या अत्यंत मंद वेगाच्या संवेदी तंतूंचे जाळे असते. ते माणसातही असल्याचे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. हे तंतू टोचणे किंवा दाबणे यांपेक्षा हळुवार फिरणाऱ्या हाताला अधिक प्रतिसाद देतात. सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर या वेगाने आणि त्वचेइतक्याच उबेचा हात फिरला, तर त्यांचा प्रतिसाद सर्वांत चांगला असतो. बाळाला थोपटून निजवणारी आई कोणी न शिकवता याच वेगाच्या आसपास हात फिरवत असते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की घाईघाईने पाठ चोळण्यापेक्षा मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश फिरवलेला हात अधिक सुखावतो. तळहातावर हे तंतू फारच विरळ असतात, म्हणून हात हातात घेतल्यावर मिळणारा धीर त्या मंद स्पर्शापेक्षा कोणीतरी सोबत आहे या जाणिवेतून अधिक येतो.

सेवेला येणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वृद्धाश्रमातील किंवा रुग्णालयातील माणसाला दिवसभरात अनेक हात लागतात. कोणी कूस बदलून देतो, कोणी सुई टोचतो, कोणी अंग पुसतो, कोणी चादर ओढून काढतो. हे सगळे स्पर्श कामाचे असतात आणि ते बहुधा न विचारता होतात. काही काम नसताना, केवळ सोबत म्हणून आणि विचारून केलेला स्पर्श त्याच्या वाट्याला क्वचितच येतो, आणि स्वयंसेवकाला तेच देता येते.

पहिली पायरी: जाण्यापूर्वीची चौकशी

संस्थेत गेल्यावर थेट खाटांकडे न जाता व्यवस्थापक, परिचारिका किंवा काळजीवाहक यांच्याजवळ दहा मिनिटे बसावे. कोणाला स्पर्श चालत नाही, कोणाच्या कोणत्या बाजूला अशक्तपणा आहे, कोणाच्या अंगावर जखम आहे, कोणाला ऐकू कमी येते आणि कोणाला हाक कोणत्या नावाने आवडते, हे विचारून घ्यावे. संसर्गाविषयीही उघडपणे विचारावे. खरूज स्पर्शाने पसरते, म्हणून ती असेल तर उपचार पूर्ण होईपर्यंत हात लावू नये. क्षयरोग हवेतून पसरतो, म्हणून तेथे हात धरण्यापेक्षा मास्क आणि उघडी खिडकी यांचा विचार अधिक करावा. एचआयव्ही हात धरल्याने होत नाही. कुष्ठरोगाविषयीची भीती मात्र अजूनही पुष्कळांच्या मनात घर करून आहे. बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना असलेला संसर्गाचा धोका लवकरच संपतो, आणि उपचार पूर्ण केलेल्या माणसाच्या हाताला हात लावण्यात काहीही धोका नाही. अशा व्यक्तीच्या बोटांतील संवेदना पुष्कळदा गेलेली असते, म्हणून तिच्या तळहातावर ठेवलेला हात तिला जाणवतच नाही असेही होते. तेव्हा विचारून खांद्यावर किंवा दंडावर हात ठेवावा, तो पोहोचतो.

दुसरी पायरी: हात तयार करणे

नखे कापलेली असावीत. अंगठ्या, कडी, खड्यांच्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे, कारण म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते आणि अंगठीच्या एका टोकानेही ती सोलवटते. साबणाने हात धुताना बोटांच्या फटी, अंगठे आणि नखांची टोके घासून ४० ते ६० सेकंद द्यावीत. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातानाही हात पुन्हा धुवावेत किंवा सॅनिटायझर लावावे. उग्र वासाचे अत्तर टाळावे, आणि तंबाखू मळलेल्या हाताने कोणालाही शिवू नये.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी दोन वाजता घामेजलेला हात कोणालाही नकोसा होतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे, हात गार पाण्याने धुऊन कोरडे करावेत, आणि समोरची व्यक्ती हो म्हणाली तर ओला पंचा तिच्या मनगटावर किंवा कपाळावर ठेवावा. त्या दिवसांत हाही स्पर्शच आहे आणि तो फार हवाहवासा असतो. थंडीत उलटे करावे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पौषातल्या सकाळी हात एकमेकांवर चोळून गरम केल्याशिवाय लहान मुलाला किंवा वृद्धाला लावू नयेत.

तिसरी पायरी: बसणे, बोलणे, विचारणे

खाटेवरच्या माणसाशी उभ्याने बोलू नये. स्टूल घेऊन त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, समोरून किंवा किंचित बाजूने बसावे. मागून येऊन खांद्यावर हात ठेवणे ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या माणसाचा त्याने थरकाप उडतो आणि पुढे तो कोणालाच जवळ येऊ देत नाही. आपले नाव सांगावे आणि त्या घरात रुळलेल्या नात्याने हाक मारावी. आप्पा, नाना, आक्का, मावशी, माय यांपैकी कोणती हाक चालते हे पहिल्या चौकशीतच कळलेले असते. सगळ्यांना सरसकट ‘आजी-आजोबा’ म्हणू नये, कारण साठीतल्या शिक्षिकेला ते लागू शकते. अहिराणी बोलणाऱ्या माणसाजवळ बसताना ‘माय, तुना जोडे बसू का?’ एवढे विचारले तरी तिचा चेहरा मोकळा होतो. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्यांसाठी स्थानिक आशाताईंकडून चार वाक्ये आधी शिकून घ्यावीत.

मग स्पष्ट विचारावे: ‘हात धरू का?’ उत्तर शब्दांत येईलच असे नाही. माणूस आपला हात किंचित पुढे सरकवतो, बोटे उघडतो किंवा अंग आपल्याकडे झुकवतो, हा होकार समजावा. तो हात पदराखाली किंवा चादरीखाली घेतो, मान फिरवतो, खांदे आक्रसतो किंवा नुसताच गप्प बसतो, हा नकार समजावा. गप्प राहण्याला होकार समजू नये. आपल्याकडची माणसे, विशेषतः जुन्या पिढीतील स्त्रिया, पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांच्या अंगाची भाषा वाचणे हे आपलेच काम आहे.

पाया पडणे हा आपल्याकडे पहिल्या स्पर्शाचा रुळलेला मार्ग आहे, आणि पुष्कळदा त्यानंतर वृद्ध माणूस आपणहून डोक्यावर हात ठेवतो. म्हणजे स्पर्शाची सुरुवात त्याच्याकडून होते, आणि ती सर्वांत चांगली सुरुवात होय. तरीही मधुमेह असलेल्यांच्या पायांना जखमा असू शकतात, म्हणून पायांना हात न लावता वाकून नमस्कार करणे बरे. मुस्लीम घरांतील वडीलधाऱ्यांना पाया पडण्याने अवघडल्यासारखे होते, तेथे सलाम करावा आणि त्यांनी हात पुढे केला तरच तो हातात घ्यावा. पुरुष स्वयंसेवकाने स्त्रियांना आपण होऊन स्पर्श करू नये. त्या स्वतः डोक्यावरून हात फिरवतील, तो मान खाली घालून स्वीकारावा.

विचारूनही होकार येत नसेल तर कामाची मदत घ्यावी. आमच्याकडच्या एका वृद्धाश्रमात एक आजी दिवसभर खिडकीशी बसून कापसातील सरकी काढत आणि गुडघ्यावर वाती वळत असत. भेटायला येणाऱ्या मुली त्यांच्यापुढे हात पुढे करून बसत, पण त्यांचे लक्ष कापसावरच असे. एका मुलीने मात्र हात पुढे करण्याऐवजी चिमूटभर कापूस उचलला आणि ‘मला येत नाही, शिकवाल का?’ असे विचारले. तिची वात मध्येच जाड, शेवटी विरळ अशी होऊ लागली, तेव्हा आजींनी तिचा अंगठा पकडला, वाटीतल्या राखेला टेकवला आणि आपल्या बोटाखाली दाबून धरून वात पुढे सरकवली. वात पुरी झाली तरी तो अंगठा त्यांनी लगेच सोडला नाही. त्यानंतरच्या भेटींत त्या मुलीला हात धरण्याविषयी विचारावे लागले नाही. वाती, शेंगा सोलणे, मटकी निवडणे, वेणी घालणे, मेंदी काढणे अशा कामांत बोटे आपोआप एकत्र येतात आणि माणूस हवे तेव्हा काम सोडून मोकळाही होऊ शकतो. नव्या स्वयंसेवकांना मी हाच मार्ग सर्वांत आधी सुचवतो.

चौथी पायरी: हात कुठे आणि कसा ठेवावा

सुरुवात हाताच्या पंजापासून करावी. आपला तळवा वर करून खाली ठेवावा आणि त्यावर त्यांनी आपला हात ठेवावा, अशी रचना चांगली. वरून धरलेला हात सोडवून घ्यायला बळ लागते, खालून दिलेला हात नुसता उचलला की सुटतो. शेवटच्या दिवसांतील रुग्णाच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे ठरते, कारण अशक्त माणसाला दुसऱ्याच्या हाताचे वजनही जड वाटते. खालून दिलेल्या हातावर त्याचा अंगठा हलताना जाणवेल, तेवढ्यावरून तो जागा आहे आणि त्याला सोबत हवी आहे हे कळते.

पंजानंतर मनगट ते कोपर, मग दंड, खांदा आणि पाठीचा वरचा भाग येथपर्यंत जावे, तेही प्रत्येक वेळी विचारून. चेहरा, मान, पोट आणि मांड्या यांना स्वयंसेवकाने हात लावू नये. बोटांच्या टोकांनी चाचपण्याऐवजी पूर्ण पंजा सपाट टेकवावा, आणि तो टेकवल्यावर काही क्षण स्थिर ठेवून मगच हलवावा. गुदगुल्या केल्यासारखा हलका स्पर्श पुष्कळांना अस्वस्थ करतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना असा स्पर्श असह्य होतो, त्यांच्यापैकी काहींना खांद्यावरचा स्थिर, थोडा दाब असलेला हात आवडतो आणि काहींना कोणताच नको असतो. हे त्यांच्या शिक्षिकेलाच विचारावे.

पुढील प्रसंगांत विशेष दक्षता घ्यावी. पक्षाघात झालेल्या माणसाचा लुळा हात ओढून त्याला कधीही उठवू नये, त्याने खांदा निखळतो. डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाच्या एका हातावर बहुधा शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी असते, तिच्यावर बोट ठेवले तर आतून थरथर जाणवते. तो हात दाबू नये, धरू नये, दुसरा हात धरावा. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचा त्या बाजूचा हात सुजण्याची शक्यता असते, म्हणून तेथेही दुसरी बाजू निवडावी. सलाईन लावलेला हात सोडून द्यावा. पायावर सूज, लाली किंवा एकाच पोटरीत वेदना असेल तर प्रेमापोटीही पाय चेपू नयेत, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला तर तो चोळू नये, परिचारिकेला दाखवावा.

दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून तिला ओढत नेऊ नये. आधी बोलावे, मग आपल्या हाताची पाठ तिच्या हाताला अलगद लावावी, म्हणजे ती स्वतः आपले कोपर धरते आणि अर्धे पाऊल मागे राहून चालते. कर्णबधिर माणसाचे लक्ष वेधायचे असेल तर समोर येऊन खांद्यावर हलकेच थाप द्यावी, ही त्यांच्यात रुळलेली रीत आहे.

डोक्याला तेल लावणे आणि केस विंचरणे याला मी वेगळे स्थान देतो. त्यात वेळ मुबलक असतो, समोरासमोर पाहावे लागत नाही, आणि गप्पा आपोआप सुरू होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि ज्या आजींना आता माहेरही नाही आणि येणारी लेकही नाही त्या त्या दिवशी फार गप्प असतात. त्या दिवशी कोमट तेल घेऊन जावे. स्त्री स्वयंसेवकांनी स्त्रियांना आणि पुरुषांनी पुरुषांना तेल लावावे, टाळूवर जखम किंवा उवा आहेत का ते आधी पाहावे आणि केस ओढू नयेत.

मुलांच्या बाबतीत

येथे नियम अधिक कडक आहेत आणि ते तसेच असावेत. मुलासोबत एकट्याने बंद खोलीत बसू नये, दार उघडे असावे आणि दुसरे मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात असावे. मुलांना मांडीवर घेणे, पापे घेणे, कपडे बदलणे ही स्वयंसेवकाची कामे नाहीत. हातावर टाळी, पाठीवर शाबासकी, खेळातली साखळी, फुगडी यांतून पुरेसा स्पर्श होतो. नको म्हणणाऱ्या मुलाला ‘काकांना मिठी मार’ असे कधीही सांगू नये. आपले नको कोणी ऐकते हे त्याला येथेच कळले पाहिजे.

मुलाच्या बोलण्यातून किंवा अंगावरच्या खुणांवरून लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि ती दडवणे हा गुन्हा आहे. मुलाची उलटतपासणी करू नये, त्याने सांगितले तेवढे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांत कळवावे. वृद्धांच्या अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

नंदुरबारच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत जाणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. तीव्र कुपोषित बालकांच्या उपचाराच्या जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा टप्प्यांपैकी नववा टप्पा खेळ, मायेचा स्पर्श आणि भावनिक आधार हा आहे. म्हणजे औषध आणि आहार यांच्या बरोबरीने तो उपचाराचाच भाग मानला गेला आहे. तरी ते मूल स्वयंसेवकाने उचलून फिरवायचे नसते. ते आईच्या छातीशी कसे राहील हे पाहावे: तिला बसायला टेकू द्यावा, तिच्या मोठ्या मुलाला खेळवावे, तिला पाणी आणून द्यावे. चार दिवसांनी आपण निघून जाणार असतो, आई राहणार असते. केंद्रात आलेली पावरा किंवा भिल्ल आई स्वतः फार थकलेली आणि बुजलेली असते. तिच्या शेजारी जमिनीवर बसणे हा तिच्यासाठी पहिला दिलासा असतो.

शिवाशिवीची आठवण

आपल्या गावांत अनेक वृद्धांनी असे दिवस काढले आहेत की त्यांना पाणी वरून ओतले जाई आणि त्यांची सावलीही टाळली जाई. अशा माणसाने दिलेला पाण्याचा पेला स्वयंसेवकाने त्याच्या हातातून घेऊन तेथेच प्यावा, त्याच्या सतरंजीवर बसावे, त्याने पुढे केलेली भाकरी मोडून खावी. कोणाची जात विचारू नये. हे कृतीतून दिसल्यानंतर हात धरण्याविषयी विचारले तर त्या प्रश्नावर त्याचा विश्वास बसतो. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना आजारी मुलांची शुश्रूषा आपल्या हातांनी करीत. खान्देशातल्या सेवेची ही परंपरा नव्या स्वयंसेवकांनी आपली मानावी.

पाचवी पायरी: हात सोडवणे आणि निरोप

हात झटकन काढून घेतला तर मागची सगळी भेट पुसली जाते. निघण्याच्या थोडे आधी सांगावे की आता मी निघणार आहे आणि पुन्हा गुरुवारी येईन. येणे नक्की नसेल तर वार सांगू नये. मग हाताचा दाब हळूहळू कमी करावा, तो हात त्यांच्या स्वतःच्या दुसऱ्या हातावर किंवा उशीवर ठेवून द्यावा आणि उठावे. एखाद्या आजी हात सोडतच नाहीत, तेव्हा खेचाखेच न करता काळजीवाहक ताईंना बोलवावे आणि आपला हात सोडवण्याआधी त्यांचा हात आजींच्या हातात द्यावा.

नकार देण्याचा अधिकार स्वयंसेवकालाही आहे. स्मृतिभ्रंशामुळे किंवा अन्य कारणाने कोणी नको तेथे हात लावला, तर तो हात शांतपणे बाजूला करावा, ‘हे चालणार नाही’ असे साध्या आवाजात सांगावे, जागा बदलावी आणि त्याच दिवशी व्यवस्थापकांना कळवावे. सहन करणे हा सेवेचा भाग नाही. ज्या दिवशी आपण स्वतः आजारी, चिडलेले किंवा शोकात आहोत त्या दिवशी वॉर्डात न जाता भांडी घासावीत, चादरी घड्या घालाव्यात, कारण हातातला ताण समोरच्याला लगेच जाणवतो.

फोटो काढायचा असेल तर तो वेगळ्या वेळी आणि लेखी परवानगीने काढावा. हात हातात असताना मोबाइल खिशातच राहू द्यावा.

निघताना संस्थेच्या नोंदवहीत दोन ओळी लिहाव्यात: कोणाला स्पर्श आवडला, कोणाला नको होता, कोणत्या हाताला किंवा खांद्याला दुखते, कोणाच्या अंगावर नवी खूण दिसली. ‘खाट सहा, नाना, डावा हात दुखतो, उजवा धरला तर बोलतात’ एवढी नोंदसुद्धा पुरते, आणि पुढच्या वेळी येणाऱ्या स्वयंसेवकाने ती वाचल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकू नये.